दोन कंपन्या, एकच तार: विजेत स्पर्धा आली तर बिल खरंच कमी होईल?

दिवेलागण

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. आता मोबाइलसारखी विजेची कंपनीही बदलता येणार, बिलं निम्म्यावर येणार. खाली भराभर टाळ्या पडल्या. 'कंपनी बदलता येणार' आणि 'बिल निम्मं होणार' या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला तो प्रश्न काही दिवस सुटेना, म्हणून जमेल तेवढं वाचलं आणि इथे मांडते आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

मोबाइलचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रणेवर चालते. आपल्या मीटरपर्यंत येणारी तार मात्र एकच, डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) एक, सबस्टेशन एक. बिलावर नाव कुणाचंही असो, तारेतून येणारी वीज तीच. बदलतो तो हिशेब: त्या नावाने कुठून, काय भावाने वीज खरेदी केली.

एका भागात दोन किंवा अधिक वितरण परवाने देण्याची सोय विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १४ मध्ये आहेच. पण त्यातली एक अट जड आहे. नव्याने येणाऱ्याने आपलं जाळं आपण टाकायचं. रस्ते खणून दुसरी केबल घालायची म्हणजे त्याच वस्तीसाठी दोनदा खर्च, आणि तो शेवटी ग्राहकाच्याच माथी. त्यामुळे समांतर परवान्याचा मोठा प्रयोग म्हणून आजही मुंबईचंच नाव घ्यावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाला ही अट मोडायची होती: असलेलं जाळं भाडं देऊन नव्या कंपनीने वापरावं. ते विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा काढला, त्यातही एकाच जाळ्यावर अनेक कंपन्या ही कल्पना आहे. ग्रुपवरच्या निरोपाचं मूळ हे असावं.

आता बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. वीज शुल्क राज्य सरकारचं, ते कुठलीही कंपनी आली तरी लागणार. वहन आकार तारेचा, आणि तार तर तीच. उरतो मुख्यतः वीज आकार. त्यातलाही मोठा भाग जुन्या दीर्घ करारांनी बांधलेला असतो. औष्णिक केंद्राशी पंचवीस वर्षांचा करार केला की वीज उचला वा न उचला, त्या केंद्राचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. म्हणजे स्पर्धेला हात घालता येईल असा भाग बिलात किती उरतो, ते ज्याने त्याने पाहावं.

आणि हे सगळे आकडे ठरवतं कोण? ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. कंपनी खर्चाची याचिका देते, आयोग तो तपासतो, लोकांचं म्हणणं ऐकतो आणि दर लावतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं बिल त्या सुनावणीत ठरतं, आणि तिथे आपण जात नाही. कंपनी निवडण्याचा हक्क मिळाला तरी ती खुर्ची रिकामी राहिली तर फरक फार पडणार नाही.

तळमजला

चांगला विषय. पण मी थोडं विरुद्ध बोलणार.

मी नवी मुंबईत एका सोसायटीचा सचिव आहे. दर हा एक भाग झाला, सेवेचं काय? दुसरी कंपनी दाराशी उभी आहे म्हटल्यावर पहिलीचा फोन पटकन उचलला जाईल की नाही? मीटर बदलायला महिनोन्‌महिने लागतात तेव्हा ग्राहकाकडे जायला दुसरी जागाच नसते. मक्तेदारीचा सगळ्यात मोठा त्रास हा आहे, आणि तो आयोगाच्या सुनावणीने सुटत नाही.

एक शंकाही आहे. समजा मी नव्या कंपनीकडे गेलो आणि पावसाळ्यात केबल गेली. येणार कोण? जिची तार आहे ती म्हणेल तुम्ही आमचे ग्राहक नाही, जिचं बिल भरतो ती म्हणेल तार आमची नाही.

उपनगरी

तळमजला, हे आम्ही जगलो आहोत, म्हणून लिहितो.

पार्श्वभूमी आधी. मुंबईत शहर भागात बेस्ट, उपनगरांत पूर्वीची बीएसईएस म्हणजे नंतरची रिलायन्स, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. टाटा पॉवर पूर्वापार वीज तयार करून मोठ्या ग्राहकांना आणि इतर कंपन्यांना विकणारी. तिच्या परवान्यात घरगुती ग्राहकाला वीज देणं बसतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ८ जुलै २००८ च्या निकालाने तो टाटाच्या बाजूने सुटला. पण उपनगरांत घरोघरी टाटाच्या तारा नव्हत्याच. मग १५ ऑक्टोबर २००९ ला आयोगाने वाट काढली: तार रिलायन्सचीच वापरा, वहन आकार तिला द्या, वीज मात्र टाटाकडून घ्या. याला आमच्याकडे सगळे 'चेंजओव्हर' म्हणत. आपली तार तोडून टाटाच्या नव्या तारेवर गेलात तर ते 'स्विचओव्हर'. आज केंद्राच्या मसुद्यात जे आहे, ते मुंबईने सोळा वर्षांपूर्वी करून पाहिलं आहे.

आमच्या वडिलांनी अर्ज भरला. पहिल्या काही बिलांत फरक दिसला आणि तो छोटा नव्हता. वडील ती बिलं दोन फायलींत लावत, बदलण्याआधीची आणि नंतरची. शेजारपाजारचे येऊन फाइल बघून जायचे. पुढे जे झालं ते मात्र आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जास्त युनिट जाळणारे आणि दुकानं-कार्यालयं आधी निघून गेली, कारण त्यांचा फायदा मोठा. चढ्या दराने बिल भरणारे तेच होते, त्यांच्या जिवावर कमी युनिटवाल्यांचा दर खाली राहत होता. मागे राहिलेल्यांवर भार वाढला. एका गटाच्या चढ्या दरातून दुसऱ्याला मिळणाऱ्या या आधाराला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती भरून काढायला मग आयोगाने गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. जुन्या वर्षांची राहिलेली वसुलीसुद्धा गेलेल्यांकडून घ्यायचं ठरलं, कारण तो खर्च ते तिथे असताना झाला होता. न्याय म्हणून मला ते पटतं. पण वडिलांच्या दुसऱ्या फाइलमधला फरक वर्षागणिक कमी होत गेला, आणि नंतर तर काही लोक परतही फिरले. २०१८ मध्ये रिलायन्सचा तो व्यवसाय अदानींकडे गेला, तोपर्यंत वडिलांनी फाइल ठेवणंच बंद केलं होतं.

तुमच्या शंकेचं उत्तर: तार ज्याची, दुरुस्ती त्याची. पण फोन कुठे करायचा हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

खांबावरून

एका वितरण कंपनीत तेहतीस वर्षं काढली, शेवटची काही अभियंता म्हणून. उपनगरी यांनी जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे, त्यात तांत्रिक बाजू जोडतो.

विजेच्या धंद्यात दोन कामं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वाहून आणणं, दुसरं विकणं. वाहून आणण्यात स्पर्धा शक्य नाही, कारण दोन समांतर जाळी म्हणजे निव्वळ नासाडी. विकण्यात शक्य आहे, पण त्यासाठी तार सांभाळणारा तटस्थ पाहिजे. आजच्या पद्धतीत तार सांभाळणारा आणि वीज विकणारा एकच आहे. आपल्या ग्राहकाची आणि प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकाची केबल एकाच रात्री गेली तर कुठली गाडी आधी निघेल, याची खात्री कोण देणार? वायरचा धंदा आणि विक्रीचा धंदा वेगळा केल्याशिवाय स्पर्धेची भाषा अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, गळती. तारेवर एकच कंपनी असते तेव्हा फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या वाहिनीला, किती वीज दिली आणि किती युनिटांचं बिल झालं यातला फरक तिच्या माथी बसतो. दोन-तीन विक्रेते आले की आकडे टाकून चोरलेली वीज कुणाच्या खात्यावर लिहायची? त्यासाठी प्रत्येक डीपीला आणि प्रत्येक ग्राहकाला चालू मीटर लागतो. आपल्याकडे शेतीपंपांचा मोठा हिस्सा अजून अश्वशक्तीवर बिल होतो.

खासगी कंपनी आली की सुधारणा होतेच, असंही नाही. फ्रँचायझीचा, म्हणजे एखाद्या भागातलं वितरणाचं काम खासगी कंपनीला ठेक्याने देण्याचा, अनुभव घ्या. भिवंडी जानेवारी २००७ मध्ये टोरंटकडे गेली. तिथली गळती तेव्हा प्रचंड होती, ती खरोखर खाली आली. ते काम चांगलं झालं हे कबूल करायला मला अडचण नाही. यंत्रमागांचा दाट भार असल्याने गुंतवणूक परतही लवकर येत होती. पण २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचा भाग असाच वेगवेगळ्या कंपन्यांना दिला. औरंगाबाद २०१४ मध्ये परत घ्यावं लागलं, जळगाव त्यानंतर वर्षभरात, नागपूर २०१९ मध्ये. दरवेळी लाइनमन तोच, खांब तोच, साहेबाचं नाव वेगळं.

४ जानेवारी २०२३ च्या संपात वीज कर्मचारी उतरले ते भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यातल्या समांतर परवान्याच्या अर्जाविरुद्ध. लोकांनी तेव्हा आम्हाला शिव्या दिल्या, आणि अंधार झाला की शिव्या मिळणारच. पण तो पट्टाच का मागितला, हे विचारा. बिल वेळेवर भरणारा ग्राहक तिथे आहे. गडचिरोली कुणी मागितली नाही.

पाणंद

खांबावरून यांचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

मी शेतकरी, पाच अश्वशक्तीचा पंप. आमच्याकडे दुसरी कंपनी येईल असं कुणी स्वप्नातही म्हणत नाही. थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला गेल्यावर साप-विंचू असतात, काही भागांत बिबट्या असतो. आमच्या गावात स्पर्धा म्हणजे ही पाळी दिवसाची होणार का, एवढाच प्रश्न. त्याचं थोडं उत्तर सौर कृषी वाहिनीतून येतंय, जिथे गावाजवळ सौर प्रकल्प उभा राहून फीडरला दिवसा वीज मिळू लागली तिथे फरक पडला आहे. ते मी बघून आलो.

शहरातली माणसं म्हणतात शेतकऱ्याला फुकट वीज, म्हणून आमचं बिल जास्त. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं हे खरं आहे. पण त्याच्या आधीपासून आमच्या नावावर किती युनिट लिहिले जातात ते बघा. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अंदाजाने धरतात. तो अंदाज फुगवून गळती आमच्या नावावर खपवतात, असा आक्षेप आयोगापुढे वर्षानुवर्षं मांडला गेला आहे. आयोगाने त्यासाठी अभ्यासगटही नेमला होता. आमचं पाणी मोजा, आमची वीज मोजा, मग बोला. मोजायला आमचा विरोध नाही.

ह्यूस्टनकर

टेक्सासमध्ये वीस वर्षं आहे. इथे जानेवारी २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागात विजेचा विक्रेता निवडता येतो, त्यामुळे अनुभव सांगतो.

इथे खांबावरून यांनी म्हटलेली विभागणी खरंच केली आहे. ह्यूस्टनमध्ये तारा सेंटरपॉइंटच्या, डॅलसकडे ऑनकोरच्या, आणि त्यांचे दर राज्याचा आयोग ठरवतो. विक्रेते डझनावारी. तार तुटली की फोन तारवाल्यांना, विक्रेता कुणीही असो. या बाबतीत गोंधळ नाही.

निवडीचा ताण मात्र वेगळाच. माझी पहिली योजना महिना हजार युनिट झाले की ठरावीक सूट देणारी होती. जाहिरातीतला दर हजार युनिटांवर काढलेला, म्हणून अगदी स्वस्त दिसत होता. वसंतात आमचा वापर नऊशेच्या आत गेला, सूट गेली आणि प्रत्यक्ष दर शेजाऱ्यापेक्षा वर गेला. मुदतीआधी सोडायचं तर दंड. तेव्हापासून दरवर्षी करार संपायच्या महिनाभर आधी मी बारा महिन्यांचा वापर मांडून बसतो. माझी आई भारतातून आली होती, ती म्हणाली, ज्याला हा हिशेब जमत नाही त्याने काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही.

फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ तर सगळ्यांना माहीत असेल. वीज केंद्रं आणि गॅसपुरवठा गारठून बंद पडला, घाऊक बाजाराचा दर कमाल मर्यादेला म्हणजे युनिटला ९ डॉलरला टेकला आणि तिथेच काही दिवस राहिला. ज्यांनी घाऊक भावाशी जोडलेली योजना घेतली होती त्यांना आठवड्याभराची हजारो डॉलरची बिलं आली. त्याच वर्षी विधिमंडळाने घरगुती ग्राहकांना अशा योजना विकण्यावर बंदी घातली. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोने आपली नगर-वीजसेवा या स्पर्धेबाहेर ठेवली होती, ती आजही तशीच आहे.

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये कायदा करून हाच रस्ता धरला होता. २०००-०१ मध्ये तिथे टंचाई, भावाची लबाडी आणि अंधार असं सगळं एकदम आलं, आणि सप्टेंबर २००१ मध्ये ग्राहकाचा निवडीचा हक्कच थांबवावा लागला. त्या बाजारात खेळणाऱ्यांतलं एक नाव महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. दाभोळ वीज प्रकल्पवाली एन्रॉन.

हिशेबनीस

आकड्यांतून सांगायचा प्रयत्न करतो. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा एका गावात १०० ग्राहक. विजेचा सरासरी खर्च युनिटला ८ रुपये. त्यातल्या २० जणांना, कारखाने आणि दुकानं, १० रुपये लावले. ८० घरांना ६ रुपये. २० जणांचा वापर मिळून ८० घरांइतकाच आहे, म्हणून हिशेब जुळतो. आता दुसरी कंपनी आली. ती ८० घरांकडे बघणारच नाही, कारण ६ रुपयांत तिला परवडत नाही. ती २० जणांना ९ रुपयांत वीज देऊ करेल. त्यातले १० गेले. मागे राहिलेल्यांतून युनिटमागे मिळणारे पैसे एकदम घटले. पण जुन्या कंपनीचे वीज खरेदीचे करार १०० ग्राहकांसाठी केलेले, त्यांचा स्थिर खर्च तसाच. ८० घरांचा दर वाढवायचा, नाहीतर गेलेल्या १० जणांवर अधिभार लावायचा. अधिभार पुरेसा लावला तर ९ रुपयांचे १० किंवा त्याहून जास्त होतात आणि जाण्यात अर्थ राहत नाही. मुंबईत उपनगरींच्या वडिलांच्या फाइलमध्ये जे दिसलं ते हेच.

तिसरी वाट पण आहे, आणि ती सगळ्यात घातक. दरही वाढवायचा नाही, अधिभारही नाही, तूट पुढच्या वर्षांवर ढकलायची. हिशेबाच्या भाषेत तिला नियामक मत्ता म्हणतात. नाव मत्तेचं, पण ग्राहकाच्या दृष्टीने ते व्याजासह फेडायचं कर्ज. अनेक राज्यांनी निवडणुका बघून हे केलं. दिल्लीच्या प्रकरणात ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या आयोगांना बजावलं की साचलेली थकबाकी १ एप्रिल २०२४ पासून सात वर्षांत मिटवा आणि नवी झाली तर तीन वर्षांत.

क्रॉस सबसिडी किती असावी यालाही मर्यादा आहे. २०१६ च्या दर धोरणानुसार कुठल्याही गटाचा दर सरासरी खर्चाच्या वरखाली २० टक्क्यांत हवा.

चक्रधर

छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि दोन प्रेस. हिशेबनीस यांच्या गावातल्या त्या २० जणांपैकी मी एक, म्हणून आमचीही बाजू ऐका.

आमच्या बिलातून दुसऱ्याला स्वस्त वीज देणं हे धोरण कुणी ठरवलं? मी ज्या मालाशी स्पर्धा करतो तो शेजारच्या राज्यात स्वस्त विजेवर तयार होतो. मोठ्या कारखान्यांना १ मेगावॅटच्या वर ओपन अ‍ॅक्सेस आहे, ते बाहेरून वीज घेतात किंवा स्वतःचा प्रकल्प टाकतात. छपराचे पैसे ज्यांच्याकडे आहेत ते सोलर बसवतात. जो जाऊ शकतो तो गेला, आणि मधल्या माझ्यासारख्यांवर ओझं राहिलं. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, तीही माझ्या जोडभारापेक्षा जास्त.

तुम्ही म्हणता स्पर्धा आली तर घरांचा दर वाढेल. मान्य. पण आज माझ्या चार कामगारांचे पगार त्या दरातूनच जातात. गरिबाला स्वस्त वीज द्यायची तर ती सगळ्या समाजाने द्यावी, माझ्या प्रेसने एकटीने का?

दिवेलागण

चक्रधर, तुमच्या प्रश्नावर कालपासून विचार करते आहे. सुरुवातीच्या पोस्टमध्ये मी हा मुद्दा अजिबात धरला नव्हता, ती माझी चूक.

कायद्यात तुमच्या बाजूने एक कलम आहे: कलम ६५. राज्य सरकारला एखाद्या गटाला स्वस्त वीज द्यायची असेल तर तेवढे पैसे सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. नाही दिले तर आयोगाने ठरवलेला मूळ दरच लागू. म्हणजे मदत करायची तर सरकारी तिजोरीतून, विधानसभेत चर्चा होऊन, सर्वांच्या डोळ्यांदेखत. शेतीपंपांच्या सध्याच्या योजनेसाठी राज्याच्या अर्थसंकल्पातून वर्षाला १४ हजार कोटींच्या वर रक्कम धरली गेली, ती निदान कागदावर दिसते. क्रॉस सबसिडी दिसत नाही, ती तुमच्या दरात मुरलेली असते. ती हळूहळू तिजोरीकडे वळवावी, असं आता मला वाटतं. पण त्यासाठी दुसरी कंपनी आणायची गरज नाही. हाच आयोग, हेच कलम पुरेसं आहे.

पाणंद, तुमच्या पोस्टमुळे एक गोष्ट नव्याने कळली. कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला जोडणी देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. नव्या मसुद्यात मोठ्या, ओपन अ‍ॅक्सेसला पात्र ग्राहकांपुरती या जबाबदारीतून सूट द्यायची सोय आहे. उद्या ती रेषा खाली सरकली तर? गाव सोडून शहर घेता येणार नाही, हे बंधन परवान्यातच पक्कं हवं.

तळमजला, सेवेबद्दल तुम्ही बोललात ते मला पटतं. पण त्यासाठीही आयोगाचे कृतीमानक विनियम आहेत. खंडित पुरवठा, मीटर बदल, नवी जोडणी, प्रत्येकाला मुदत, आणि ती चुकली तर ग्राहकाला भरपाई. ती किती जण मागतात?

तळमजला

मी मागितली आहे. मीटर थांबला, चार महिने सरासरीने बिल आलं, आमच्या पंपाच्या मीटरवर. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. अंतर्गत तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. मंचावर वकील लागत नाही, मी स्वतः उभा राहिलो, शेवटच्या वर्षाचं रीडिंग महिनावार लिहून नेलं होतं. बिल दुरुस्त झालं. नसतं झालं तर पुढे विद्युत लोकपाल होते, मुंबई आणि नागपूरला. पण सात महिने गेले. सात महिने प्रत्येक माणूस देऊ शकत नाही, माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

बरं, सुनावणीत बोलायचं कसं ते कुणी सांगेल का? मला वाटायचं तिथे फक्त संघटना आणि वकील जातात.

हिशेबनीस

कुणीही जाऊ शकतं. कलम ६४ नुसार कंपनीला दर याचिकेचा गोषवारा वर्तमानपत्रांत जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो. जाहिरातीतच हरकत कुठे, कधीपर्यंत पाठवायची ते छापलेलं असतं. मराठीत लिहिलेली हरकत चालते. सुनावणीला हजर राहून बोलायचं असेल तर तसं त्या पत्रात नमूद करा.

शिवाय कलम ९४ खाली आयोग ग्राहकांच्या वतीने बोलायला संस्था नेमू शकतो. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. पण दोन-चार संस्थांनी तीन कोटींच्या घरातल्या ग्राहकांचं ओझं किती वाहायचं? याचिका हजारभर पानांची असते. ती पूर्ण वाचायची गरज नाही. वीज खरेदी, वितरण गळती आणि मागच्या वर्षाच्या खर्चाचा पडताळा, या तीन तक्त्यांपासून सुरुवात करा. मंजूर काय होतं, झालं काय, आणि फरक का पडला. प्रश्न तिथूनच निघतात.

सुनावणी झाली नाही तर काय होतं याचं ताजं उदाहरण २०२५ चं. २८ मार्चला आयोगाने महावितरणचा पाच वर्षांचा दर आदेश दिला. कंपनीच्या विनंतीवरून काही दिवसांतच तो थांबवला गेला, आणि पुनर्विलोकन होऊन २५ जूनला नवा आदेश आला. दुसऱ्या फेरीत लोकांना बाजू मांडायची संधी दिली नाही, असा आक्षेप ग्राहक आणि उद्योग दोघांनी घेतला. दर वर गेला की खाली आला, हा वेगळा प्रश्न. एकदा सगळ्यांना ऐकून दिलेला आदेश न ऐकता बदलला जातो, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा गंभीर वाटते.

खांबावरून

आयोगाबद्दल एक सांगायचं राहिलं. आयोगावर अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य. निवड समितीवर उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असतात, मुदत पाच वर्षं, त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक सदस्य कायद्याचा जाणकार हवाच असं सांगितलं. रचना चांगली आहे. पण याचिकेतल्या तांत्रिक दाव्यांची पडताळणी करायला हाताखाली माणसं किती, यावर सगळं अवलंबून आहे. फीडरवर जाऊन मीटर बघणारा कुणी आयोगाकडून आलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

दिवेलागण

पुढची याचिका जाहीर झाली की पाठवायच्या हरकतीचा मसुदा केला आहे. दुरुस्त्या सुचवा:

"मी घरगुती ग्राहक आहे. माझे म्हणणे असे की, (एक) वितरण गळतीचा आकडा मान्य करण्यापूर्वी मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर कसा काढला, ते फीडरनिहाय जाहीर करावे. (दोन) माझ्या दरात दुसऱ्या गटासाठी किंवा दुसऱ्या गटाच्या दरात माझ्यासाठी किती रक्कम घेतली आहे, ती प्रत्येक बिलावर स्वतंत्र ओळीत छापावी. (तीन) या भागात दुसरा परवाना देण्याचा विचार असल्यास, मागे राहणाऱ्या ग्राहकांवर किती भार येईल त्याचा हिशेब परवान्याच्या सुनावणीआधी लोकांसमोर ठेवावा, आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणाची ते ग्राहकाच्या बिलावर दूरध्वनी क्रमांकासह लिहावे."

चक्रधर, दुसरा मुद्दा तुमच्यामुळे आला.

चक्रधर

दुसरा मुद्दा तसाच ठेवा. माझी सही धरा, आणि औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या संघटनेकडूनही वेगळं पत्र पाठवतो.

पाणंद

पहिल्या मुद्द्यात 'फीडरनिहाय' आहे तिथे 'डीपीनिहाय' करा. आमच्या फीडरवर तीन गावं आहेत, त्यात एक गाव बागायती, दोन कोरडवाहू. फीडरचा आकडा दिला तर कोरडवाहू गावाच्या नावावर बागायतीचं पाणी चढतं. आमच्या डीपीवर सतरा पंप आहेत, त्यातले चार गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहेत कारण विहिरीला पाणी नाही. ती यादी मी लिहून देतो, हरकतीला जोडा.